जावेवरचा पहारा

संत मार्टिनचा दिवस, नोव्हेंबर. वेसल्बी

दुपारी पोचले. दलदलीतला रस्ता इतका खचलाय की घोडा पोटापर्यंत माखला आणि माझा झगा कमरेपर्यंत. जाइल्सनी निघताना चर्मपत्राची पानं आणि शाईचं शिंग हातात दिलं. म्हणाले, "हॅविस, रोज लिहून ठेव. ती काय खाते, कोण भेटायला येतं, कोण गाठोडं घेऊन आत जातं. न्यायाधीशांपुढे उपयोगी पडेल." लहानपणी मठातल्या नन्सनी मला अक्षरं शिकवली, त्याचा नवऱ्याला असा उपयोग होईल असं कधी वाटलं नव्हतं.

त्यांच्यासाठीची पानं वेगळी ठेवली आहेत. कापून उरलेले हे तुकडे माझे. अर्थात त्यांनी मागितले तर हेही देईन, लपवण्यासारखं काय आहे.

जाइल्सचे थोरले भाऊ इंग्रम सप्टेंबरमध्ये तापाने गेले. मूलबाळ नव्हतं, म्हणजे वेसल्बी आमच्याकडे यायला हवं. पण अंत्यसंस्कार होताच त्यांची विधवा इडोनिया म्हणाली, मला दिवस गेलेत. जाइल्सना पटलं नाही. बाहेरून एखादं तान्हं आणून ते वारस म्हणून पुढे करतात, असं घडलेलं आहे. म्हणून त्यांनी राजाचा हुकूम आणवला. आधी बायकांनी तिला तपासायचं, आणि मग बाळंत होईपर्यंत तिने पहाऱ्यात राहायचं. जिल्ह्याच्या शेरीफकडून सबीनाबाई आल्या आहेत, एका सरदाराची विधवा, अंगाने भक्कम, जेवणाने त्याहून भक्कम. आमच्या बाजूने मी.

इडोनिया वयाने माझ्या बरीच मागे, पण थोरल्या भावाची बायको म्हणून मानाने पुढे. दारातच उभी होती. म्हणाली, "या जाऊबाई. मोजून घ्या, सध्या एकटीच आहे."

मी हसले नाही.

दोन दिवसांनी

तपासणी झाली. शेरीफने पाठवलेल्या चार बायका, सबीनाबाई आणि मी. तिला अंगावरच्या पातळ कपड्यावर उभं केलं. सगळ्यांनी पोट चाचपलं, छाती पाहिली. ती छताकडे बघत उभी होती, दात वाजत होते. शेगडी लांब होती, जवळ घ्यायचं कोणाला सुचलं नाही. मलाही नंतर सुचलं.

चौघींनी सांगितलं, गरोदर आहे. पोट म्हणावं तर आहे, पण वाटाण्याची खीर जरा जास्त झाली तरी तेवढं दिसतं. मी जाइल्सच्या पानावर लिहिलं: नक्की सांगता येत नाही.

संत कॅथरीनच्या सणानंतर

पोरगी आळशी आहे. उशिरापर्यंत अंथरुणात. उठली की इंग्रमचा जुना प्रवासी झगा पांघरून खिडकीत बसते. घोड्याचा वास मारतो त्याला. मेलेल्याचे कपडे महिन्याभरात गरिबांना द्यायची रीत आहे, हिच्या माहेरी ती कोणी शिकवलेली दिसत नाही. इंग्रमचा म्हातारा शिकारी कुत्रा पायाशी असतो, त्याच्याशी बोलते. माणसांशी नाही. अजून एकदाही तिला रडताना पाहिलं नाही, आणि हे मी जाइल्सच्या पानावर मुद्दाम लिहिलं.

सबीनाबाई म्हणाल्या, "तुम्ही फार लिहिता हो."

"नवऱ्याने सांगितलंय."

"माझ्या नवऱ्यानेही पुष्कळ सांगितलं होतं," त्या म्हणाल्या आणि वाम मासा भरलेली तिसरी करंजी उचलली.

डिसेंबरचा पहिला रविवार

जाइल्स आले होते. त्यांना आतल्या खोलीत यायची परवानगी नाही, म्हणून खालच्या दालनात भेटलो. मुली बऱ्या आहेत. मेबलचा दात पडला. अ‍ॅव्हिसने पाद्रीबाबांच्या गाढवावर बसून अख्ख्या गावातून फेरी मारली आणि मार खाल्ला.

"कोणी मारलं?"

"मीच. मग रात्री हसू आलं."

मठाच्या मुख्य ननबाईंनी पुन्हा विचारलंय, अ‍ॅव्हिसला वसंतात पाठवणार का. दोघी मुलींना हुंडा देऊन चांगल्या घरी द्यायचं, हे आमच्या एवढ्याशा ऑल्डकोटच्या जमिनीतून होणार नाही. एकीला मठ. ठरलेलंच आहे. "वेसल्बी आलं," जाइल्स म्हणाले, "तर ती घरी राहील." हे म्हणताना त्यांनी माझा हात धरला. ते वाईट नाहीत. थोरल्या भावाच्या उतरलेल्या कपड्यांत वाढलेत, एवढंच.

मी मनापासून प्रार्थना केली की इडोनिया खोटं बोलत असू दे.

संत ल्युसीचा दिवस

ती खोटं बोलत नाही.

सकाळी मी तिच्या पलंगाची चादर झटकत होते. ती मध्येच थांबली, तोंड अर्धं उघडं. मग काही न बोलता माझा हात ओढून पोटावर ठेवला. आधी काही नाही. मग आतून कोणीतरी बोटाने टिचकी मारावी तसं.

"हे तेच ना?" तिने विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं. आई नाही, बहीण नाही, सांगणार कोण.

मी म्हटलं, "तेच."

आणि मग ती रडली. इतक्या दिवसांचं एकदम. त्या घोड्याच्या वासाच्या झग्यात तोंड खुपसून रडली आणि मी चादर हातात धरून उभी राहिले.

जाइल्सच्या पानावर लिहिलं: आज मूल हललं, मी स्वतः पाहिलं. ते वाचून त्यांना काय वाटेल ते माहीत आहे. मला काय वाटलं ते विचारलं तर सांगता येत नाही. अ‍ॅव्हिसचं वाईट वाटलं. पण तो हात मी बराच वेळ कशालाही लावला नाही.

नाताळ

सबीनाबाई गायल्या. आवाज बिघडलेल्या रहाटासारखा. इडोनिया इतकी हसली की पोट धरून खाली बसली, आणि आम्ही दोघी घाबरून धावलो, तर ती हसतच होती. सोंगट्यांच्या खेळात तिने मला तीनदा हरवलं. लबाडी करते. ती लबाडी मी आजही पकडली नाही, म्हणजे पकडली, पण बोलले नाही.

लोकरीचं अस्तर लावलेला माझा झगा मी तिला दिलाय. खिडकीतून वारा येतो आणि तिला सर्दी झाली तर पहारेकरी म्हणून ठपका माझ्यावरच येईल.

मेणबत्त्यांच्या सणानंतर, फेब्रुवारी

जाइल्स आले, आणि बरोबर एमोट नावाची सुईण घेऊन आले. ऑल्डकोटच्या पलीकडच्या गावची, हात मोठे, बोलणं कमी. शहरातून इडोनियाची सुईण यायची आहेच, पण दोन असलेल्या बऱ्या, असं ते म्हणाले. मला बरं वाटलं. वाटलं, आता त्यांचा राग निवळतोय.

मला बाजूला घेऊन म्हणाले, "पुष्कळ मुलं मेलेलीच जन्मतात. तसं झालं तर तसंच सांगायचं."

"अर्थात."

"आणि अगदी दुबळं असलं तर उगाच ओढाताण करू नका. एमोटला सांगून ठेवलंय, अडलं तर हॅविसबाईंकडे बघ, त्या सांगतील तसं."

आईला त्रास होऊ नये म्हणून एवढा विचार पुरुषमाणूस करतो याचं मला कौतुक वाटलं. वर आल्यावर सबीनाबाईंना तसं बोलूनही दाखवलं. त्यांचा घास हातातच राहिला. मग म्हणाल्या, "आणि तुम्ही काय सांगणार?"

"कशाचं?"

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि पाव खाल्ला.

उपवासाचे दिवस, मार्च

खारवलेले हेरिंग आणि वाटाणे, वाटाणे आणि हेरिंग. इडोनियाला वासही सहन होत नाही. पाद्रीबाबा म्हणाले गरोदर बाईला अंडं चालतं. सबीनाबाईंनी विचारलं, गरोदर बाईवर पहारा करणारीला चालतं का. नाही चालत.

पाऊस थांबत नाही. बांध दोन ठिकाणी फुटला, शहराचा रस्ता पाण्याखाली गेला. खिडकीतून बघितलं की नुसतं राखाडी पाणी आणि त्यात झाडांचे शेंडे. ऑल्डकोटच्या बाजूची वाट उंचावर आहे म्हणून तेवढी सुरू आहे.

इडोनियाचे पाय सुजलेत, मी ते मांडीवर घेऊन तेल चोळत होते. तिने अचानक विचारलं, "ताई, हे मूल मेलेलं जन्मावं असं तुम्हाला वाटतं का?"

जाऊबाई सोडून ताई कधीपासून म्हणायला लागली ते माझ्या लक्षात नाही.

मी म्हटलं, "मला माझ्या मुली माझ्या घरात हव्या आहेत."

"हे उत्तर झालं का?"

"नाही."

तिने पाय ओढून घेतले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाली, "माझी आई माझ्या वेळी गेली. मला बाळंतपणाची भीती नाही वाटत. मला वाटते ती तुम्ही कोणी काही बोलत नाही त्याची." मग मी तिला माझी दोन्ही बाळंतपणं सांगितली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, काही न गाळता. अ‍ॅव्हिस पायाळू आली, सुईणीने शिव्या दिल्या, जाइल्स खाली देवघरात बेशुद्ध पडले. ती ऐकता ऐकता झोपली.

हे तुकडे जाइल्सना दाखवायचे नाहीत असं ठरवलंय. लपवण्यासारखं अजूनही काही नाही. पण ते माझे आहेत.

ईस्टरनंतरचा शुक्रवार

आता लिहिते.

मंगळवारी पहाटे तिला कळा सुरू झाल्या. शहराच्या सुईणीकडे माणूस पाठवला, तो कमरेइतक्या पाण्यातून परत आला. होडीवाला तयार नाही. म्हणजे एमोट एकटी. जाइल्सना निरोप गेला होता, ते सकाळीच येऊन खालच्या दालनात बसले. त्यांच्या बुटांचा आवाज मला वर ऐकू येत होता, खिडकीपासून चुलीपर्यंत, चुलीपासून खिडकीपर्यंत.

इडोनिया फार धीराची. सबीनाबाईंनी तिला मागून धरलं होतं आणि तिच्या कानात काहीबाही बोलत होत्या, बहुतेक खाण्याबद्दल. ऊन डोक्यावर आलं तेव्हा मूल बाहेर आलं.

मुलगी. निळसर. हातपाय ओल्या फडक्यासारखे लोंबत होते. रडली नाही.

नाळ मानेला होती, एमोटने ती सोडवली. मग तिने मूल दोन हातांवर धरलं आणि माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. सबीनाबाई इडोनियाला सावरत होत्या, तिला काही दिसत नव्हतं, ती विचारत होती, "काय झालं, काय आहे?" एमोट हलली नाही. हळूच म्हणाली, "बाईसाहेब, काय करू?"

मी म्हणणार होते, मला काय विचारतेस, सुईण तू आहेस. ते शब्द तोंडाशी आले होते. आणि तेव्हाच मला फेब्रुवारीतलं ते बोलणं आठवलं, शब्दन् शब्द, जणू कोणीतरी पुन्हा वाचून दाखवत होतं. खाली बुटांचा आवाज थांबला होता.

मला काहीही करावं लागणार नव्हतं. नुसतं गप्प उभं राहायचं होतं. अ‍ॅव्हिस मला दिसली, गाढवावर बसलेली. हे मी लिहिते कारण खरं आहे. ती दिसली, आणि मी तरीही एक श्वास गप्प राहिले. मग त्या मुलीचा पाय पाहिला. अंगठा बाकीच्या बोटांपासून जरा दूर होता, नुकत्याच जन्मलेल्या सगळ्यांचा असतो तसा.

"एमोट," मी म्हटलं, "तुला जे जे येतं ते सगळं कर. आत्ता."

त्या बाईने इतका मोठा श्वास सोडला. मग तिचे हात कसे चालले. बोटाने तोंड साफ केलं, तळव्यांवर चापट्या मारल्या, कोमट वाइनने पाठ चोळली, मग तोंडाला तोंड लावून फुंकर घातली, परत घातली. मी शेगडीजवळचं फडकं आणून दिलं. इडोनिया आता काही विचारत नव्हती. एमोटने पुन्हा फुंकर घातली आणि ते पिल्लू आक्रसलं, खोकलं, आणि टिटवीच्या पिल्लासारखं काहीतरी ओरडलं. मग खरं रडलं. चांगलं खणखणीत.

सबीनाबाई म्हणाल्या, "ऐकलं मी. या चारी भिंतींनी ऐकलं."

मी मूल इडोनियाच्या छातीवर ठेवलं आणि खाली गेले.

जाइल्स जिन्याच्या पायाशी उभे होते. रडणं त्यांनीही ऐकलं होतं, त्यामुळे काही सांगायचं उरलं नव्हतं.

"मुलगी आहे," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा थोडा उजळला. "मुलगी. मग वारशाचं बोलता येईल. बांध फुटतायत, कुळं ऐकत नाहीत, शेजारचे हद्द सरकवतात. वेसल्बी मुलीच्या हाती कसं द्यायचं?"

"तुम्ही ते कोणासाठी मागत होता?"

"म्हणजे?"

"आपल्याला मुलगा नाही जाइल्स. तुमच्यानंतर वेसल्बी कोणाकडे गेलं असतं? अ‍ॅव्हिसकडे आणि मेबलकडेच ना?"

त्यांनी बुटाचा चिखल पायरीच्या कडेला घासला.

"एमोटला काय सांगितलं होतंत?"

"काहीही सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. "तुझ्याकडे बघायला सांगितलं होतं."

"तिने बघितलं."

ते खाली बसले. मी त्यांच्या शेजारी बसले नाही. वर मूल पुन्हा रडायला लागलं होतं, तिला दूध ओढायला शिकवायला हवं होतं, म्हणून मी गेले.

त्याच दुपारी बाप्तिस्मा झाला. दुबळ्या बाळाचा लगेच करतात. सबीनाबाई आणि मी धर्ममाता, आणि नाव मुख्य धर्ममातेचं द्यायची रीत आहे. मी म्हटलं, सबीना छान नाव आहे. इडोनिया उशीवरून म्हणाली, "नाही. हॅविस."

"हे नाव ठेवलं तर माझ्या नवऱ्याला रोज आठवण होईल."

"होऊ दे की," ती म्हणाली.

संत मार्कचा दिवस, एप्रिल

पाणी उतरलं. शेरीफ आले, जमीन-वारसाची चौकशी करणारे बारा गृहस्थ आले, त्यांचे चिखलाचे बूट दालनभर. सबीनाबाईंनी साक्ष दिली, एमोटने दिली. मग मला विचारलं, तुम्ही दुसऱ्या पक्षाच्या, तुम्ही सांगा. मूल तिच्याच पोटचं का? जिवंत जन्मलं का?

मी पवित्र ग्रंथावर हात ठेवला. "तिच्याच पोटचं. जिवंत. मी रडताना ऐकलं."

एका गृहस्थाने विचारलं, "यात तुमच्या घराचं नुकसान आहे, ठाऊक आहे ना?"

"ती आमच्याच घराची आहे," मी म्हटलं.

जाइल्स खिडकीपाशी उभे होते. तुमचा काही आक्षेप, असं शेरीफने विचारलं तेव्हा सगळे त्यांच्याकडे वळले. ते बाहेरच बघत म्हणाले, "माझ्या बायकोने पाहिलंय तर तसंच असेल." त्याहून जास्त काही नाही. मला ते पुरेसं होतं की नव्हतं, ते अजून ठरवता येत नाही.

बाळाच्या जमिनीची राखण कोणी करायची ते वरचे मोठे सरदार ठरवतील. बाळ आईजवळच राहील. निघताना इडोनियाने माझा झगा परत दिला नाही. म्हणाली, न्यायला यावं लागेल. इंग्रमचा झगा मात्र तिने धुऊन, वाळवून, घडी करून एमोटला दिला होता, तिच्या म्हाताऱ्या नवऱ्यासाठी.

ऑल्डकोट. मेचा मध्य

घरी येऊन तीन आठवडे होत आले. मेबल नव्या दाताने सगळं चावते. जाइल्स कामापुरतं बोलतात. त्यांची ती पहाऱ्याची पानं मी टेबलावर ठेवली होती, ती तिथेच पडली होती, मग एके दिवशी दिसली नाहीत. चुलीत गेली असतील. मी माझ्याशीच भांडते. त्यांनी काही केलं नाही, हे खरं. त्यांना काही करावं लागू नये अशी व्यवस्था त्यांनी केली होती, हेही खरं. हे दोन्ही घेऊन त्यांच्यासमोर रोज जेवायला बसते. अजून बसवतं, याचं मला आश्चर्य वाटतं.

परवा ते स्वतःहून म्हणाले, "बरं आहे का ते?"

"कोण?"

"हॅविस." मग घाईने, "म्हणजे ती, लहान."

"वजन वाढतंय म्हणे. ओरडते फार."

"इंग्रमही ओरडायचा," ते म्हणाले आणि बाहेर गेले.

हद्दीच्या फेरीचा सोमवार

दरवर्षी या आठवड्यात पाद्रीबाबा क्रूस घेऊन पुढे, गाव मागे, आणि ऑल्डकोटची सगळी हद्द चालून येतात, म्हणजे कोणती सीमा कुठे ते लोकांच्या लक्षात राहतं. जाइल्स नेहमी एकटे जातात. आज सकाळी त्यांनी तट्टावर खोगीर घालायला सांगितलं.

मी म्हटलं, "कोणासाठी?"

"अ‍ॅव्हिससाठी."

"तिला कशाला?"

त्यांनी हातमोजे घातले. "कोणी विचारलं तर तिला सांगता आलं पाहिजे."

मठाला उत्तर पाठवायचं राहिलंय. मी आठवण केली नाही.

तिसऱ्या प्रहरी आले. अ‍ॅव्हिस गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली, एक बूट गेलेला, आणि तोंड थांबत नव्हतं. जेवताना तिने मेबलसाठी टेबलावर सगळी हद्द मांडली. पावाचा तुकडा म्हणजे मोठा दगड, चमचा म्हणजे जुना बांध, मिठाची रेघ म्हणजे ओढा. शेजाऱ्यांनी गेल्या वर्षी कुंपण कुठे आत सरकवलंय तेही तिने बोटाने दाखवलं आणि म्हणाली, ते मी मागे घ्यायला लावणार आहे.

"ओढा चुकलाय," जाइल्स म्हणाले.

"नाही बाबा, वाळुंजाच्या झाडांच्या अलीकडूनच तर जातो."

ते वाकले, मिठाची रेघ नीट पाहिली, आणि बोटाने जरा सरकवली. मग पुन्हा पाहिली.

"नाही," ते म्हणाले, "तुझंच बरोबर आहे," आणि होती तिथे परत नेऊन ठेवली.